मॅशचं कॅलेंडर: जुळवाजुळवीच्या नोंदी

८ जून २०२५

पावसाने घरात बसवलंय, गुडघ्याने आधीच बसवलं होतं. भाचीने दोन वर्षांपूर्वी ‘मॅश’च्या सगळ्या सीझनचा डबा आणून दिला होता, तो अखेर उघडला. मालिका अमेरिकन, काळ १९५० च्या दशकातल्या कोरियन युद्धाचा, जागा आघाडीपासून थोडं मागे असलेलं तंबूंचं लष्करी इस्पितळ. तिथले सर्जन दिवसभर फाटलेली पोरं शिवतात आणि रात्री तंबूतल्या भट्टीची दारू पिऊन एकमेकांची टर उडवतात. म्हणायला विनोदी मालिका.

भाची म्हणाली, “मामा, तू आयुष्यभर कंटिन्युइटी बघितलीस ना? मग हिचं कॅलेंडर लावून दाखव. युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा वर्षं.”

लावतो म्हटलं. बावीस वर्षं मी सेटवर वही घेऊन बसलो आहे. मागच्या शॉटला पदर कुठल्या खांद्यावर होता, कप अर्धा होता की भरलेला, कुंकू आधी टेकलेलं की पुसलेलं, हे ओरडून सांगणारा इसम म्हणजे मी. नव्या पोरांकडे मोबाइल आहे, फोटो काढून मोकळे होतात. आम्ही पेन्सिलीने चित्रं काढायचो.

एक शीट उघडली. रकाने असे: एपिसोड, प्रसारणाची तारीख, गोष्टीतली तारीख, ऋतू, छावणीत कोण, कोण गेलं, कोण मेलं, शेरा.

९ जून

आधी चौकट आखून घेतली. उत्तर कोरियाने हल्ला केला २५ जून १९५० ला, युद्धबंदीवर सह्या झाल्या २७ जुलै १९५३ ला. म्हणजे ३ वर्षं १ महिना २ दिवस, एकूण ११२८ दिवस. मालिकेचा पहिला एपिसोड १७ सप्टेंबर १९७२ चा, शेवटचा २८ फेब्रुवारी १९८३ चा. मधे अडीचशेच्या वर एपिसोड.

भागाकार केला. एका एपिसोडच्या वाट्याला जेमतेम साडेचार दिवस येतात. गंमत म्हणजे हे काही वाईट नाही. बरेचसे एपिसोड एका दिवसात किंवा एका रात्रीत संपतात, काही आठवडाभर चालतात. नुसत्या लांबीकडे पाहिलं तर अकरा वर्षांची मालिका तीन वर्षांत आरामात बसते. अडचण आलीच तर पात्रांनी तोंडाने उच्चारलेल्या तारखांमुळे येईल. सेटवरही हेच बघितलंय. लेखकाने “परवा” लिहिलं की कुणाचं काही अडत नाही. “मंगळवारी” लिहिलं की पुढचे सहा महिने मी त्या मंगळवारच्या मागे.

११ जून

आजचा शोध कामाचा नाही, पण लिहून ठेवतो. डीव्हीडीवर हशाचा ट्रॅक बंद करायची सोय आहे. बंद करून पाहिलं. निम्म्या कोट्या कोट्या वाटेनात, माणसं थकून बडबडताहेत असं वाटलं. मूळ प्रसारणातही ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांवर हशा घालायचा नाही, असं निर्मात्यांनी चॅनेलकडून मान्य करून घेतलं होतं. आता सगळा डबा हशाविनाच बघणार.

१४ जून

नावांचा घोळ. पटापट नोंदवतो.

पहिला कमांडिंग ऑफिसर कर्नल हेन्री ब्लेक. सुरुवातीला त्याच्या बायकोचं नाव मिल्ड्रेड आहे, पुढे ती लॉरेन होते आणि लॉरेनच राहते. चौथ्या सीझनला नवा कर्नल येतो, शर्मन पॉटर. त्याच्या बायकोचं नाव? मिल्ड्रेड. कुणी तरी टाकून दिलेलं नाव भंगारातून उचलून घासूनपुसून वापरलं. पॉटर तिला इतक्या मायेने पत्रं लिहितो की आधीच्या मिल्ड्रेडची आठवण कुणालाच राहिलेली नाही.

मानसोपचारतज्ज्ञ सिडनी फ्रीडमन पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचं नाव मिल्टन फ्रीडमन आहे. याच नावाचा अर्थशास्त्रज्ञ जगभर गाजलेला. त्यापायीच बदललं असणार, हा माझा अंदाज.

छावणीचा पाद्री फादर मल्कही पायलटमध्ये, म्हणजे पहिल्या एपिसोडमध्ये, वेगळ्या नटाने केला होता, जॉर्ज मॉर्गनने. पुढे शेवटपर्यंत विल्यम क्रिस्टोफर.

मागे फिरणाऱ्या नर्सेसची नावं एबल आणि बेकर. ही तर लष्कराच्या वायरलेसवरची ए आणि बी. लेखकाने जागा भरायला अक्षरं टाकली आणि ती तशीच राहिली. आमच्याकडे “शेजारीण १”, “शेजारीण २” असतात. एकदा एका नवख्या मुलीने संवादात खरोखरच “अगं शेजारीण एक” अशी हाक मारली होती.

१५ जून

हॅरी मॉर्गन. हा नट तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये, सप्टेंबर १९७४ मध्ये, जनरल स्टील नावाच्या ठार वेड्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत छावणीत येतो, सगळ्यांना भेटतो, धुमाकूळ घालून जातो. वर्षभराने तोच नट कर्नल पॉटर होऊन येतो आणि छावणीतला एक माणूस म्हणत नाही की साहेब, आपल्याला कुठंतरी पाहिलंय.

याला मी चूक धरत नाही. काम इतकं झकास केलं की त्याला कायमचं बोलावून घेतलं, हे शेरा रकान्यात लिहिलं. मुख्य नर्स मार्गारेटचा नवरा डोनाल्ड मात्र लग्नात एका नटाने केलाय आणि नंतर दुसऱ्याने. त्याला लाल रंग. लग्न एकाशी आणि संसार दुसऱ्याशी, आणि बाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही.

१८ जून

आज बराच वेळ हॉकआयवर गेला.

हॉकआय पिअर्स म्हणजे मालिकेचा कणा, अ‍ॅलन अ‍ॅल्डा. सुरुवातीच्या एपिसोडांत तो व्हरमाँटचा आहे, घरी आई आहे, बहीण आहे. वडिलांना पत्र लिहितो तेव्हा त्यांचीही चौकशी असते. नंतर तो मेन राज्यातल्या क्रॅबॲपल कोव्हचा होतो, मूळ कादंबरीतलं गाव तेच आहे. आई तो दहा वर्षांचा असताना वारलेली. बहीण नाहीच, एकुलता एक. (कादंबरीतल्या हॉकआयला तर बायकापोरं आहेत. मालिकेतला नर्सेसच्या मागे फिरतो, तेव्हा ती आधीच कापावी लागली.)

गाव बदललं त्याचं मला काही नाही. व्हरमाँट आणि मेन, दोन्हीकडे बर्फ. पण आई? दहाव्या सीझनमध्ये एक एपिसोड आहे. तिकडे हॉकआयच्या वडिलांचं ऑपरेशन होणार असतं आणि हा इथे फोनच्या शेजारी रात्र काढतोय. सोबतीला चार्ल्स विंचेस्टर, म्हणजे ज्याच्याशी याचं कधी पटलं नाही असा बॉस्टनचा खानदानी सर्जन. त्या रात्री हॉकआय सांगतो की आई आजारी होती तेव्हा वडिलांनी त्याच्यापासून लपवलं होतं. चार्ल्स आपल्या वडिलांबद्दल बोलतो. अंतर राखणारा बाप म्हणजे काय ते दोन वाक्यांत कळतं. हशा बंद ठेवल्याचं सार्थक झालं.

आता पहिल्या सीझनमध्ये ती आई जिवंत असेल, तर ही रात्र खोटी ठरते. मी दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. तारखांच्या चुका मला हसवतात. ही हसवत नाही.

आमच्याकडचा किस्सा आठवला. एका कौटुंबिक विनोदी मालिकेवर होतो, नाव नको. चाळिसाव्या भागाच्या आसपास मावशीचे यजमान दुबईला नोकरीला आहेत असा संवाद होता. तीनशेच्या आसपास लेखक बदलला. नव्याला विधवा मावशी हवी होती. कॉल टाइमला सेटवर गेलो तर भिंतीवर हार घातलेला फोटो. मी वही दाखवली. दिग्दर्शक म्हणाला, “अरे, कोणाला आठवतंय?” मी म्हटलं, “मावशीला.” ती काम करणारी बाई मागे उभीच होती. तिने विचारलं, “मग मी त्यांच्यासाठी रडले कधी?” शेवटी फोटोवरचा हार काढला आणि तो सासऱ्यांचा फोटो केला. हॉकआयच्या सेटवर असं विचारणारी मावशी नसावी.

२२ जून

चांगलं काम झालं असेल तर तेही लिहायला हवं.

रेडार ओरायली, छावणीचा कारकून, गॅरी बर्घॉफ. १९७० च्या सिनेमातून मालिकेत त्याच भूमिकेत आलेला मुख्य नटांपैकी एकटा हाच. स्वभावाच्या बाबतीत रेडार म्हणजे चुकांचं भांडार. पहिल्या सीझनमधला रेडार साहेबाची दारू पितो, सिगार ओढतो, चार व्यवहार करून खिसा गरम ठेवतो. पुढचा रेडार टेडी अस्वल घेऊन झोपतो, द्राक्षाचं सरबत पितो आणि मुलगी हसली तर लाजतो. माणूस उलटा वाढला.

पण त्याचा डावा हात बघा. बर्घॉफच्या डाव्या हाताची काही बोटं जन्मतः आखूड आहेत. सात-आठ वर्षं तो हात कधी क्लिपबोर्डमागे, कधी खिशात, कधी फायलींच्या गठ्ठ्याखाली. मी तीन एपिसोड नुसता हातच बघत काढले. बसताना, उठताना, तंबूचं दार ढकलताना, दर वेळी काहीतरी आड येतं आणि ते मुद्दाम केलंय असं जाणवत नाही. क्लिपबोर्ड हे कारकुनाचं हत्यार, ते त्याच्या हातात असणारच. याला मी म्हणतो कंटिन्युइटी. सेटवर कुणीतरी हे रोज सांभाळलंय, बहुधा त्याने स्वतःच.

२९ जून

चौथा सीझन लागला आणि पहिली ठोस तारीख हाती आली.

‘चेंज ऑफ कमांड’ एपिसोडमध्ये रेडार हुकूम वाचून दाखवतो: १९ सप्टेंबर १९५२ पासून कर्नल पॉटर कमांडर. प्रसारणाची तारीख बघितली तर १९ सप्टेंबर १९७५. वीस मिनिटं हसत होतो. लेखकाने तारीख शोधायचे कष्ट घेतले नाहीत, एपिसोड लागायचा दिवस उचलला आणि साल बदललं.

पण लिहिलं म्हणजे लिहिलं. पॉटरच्या आठवडाभर आधी नवा सर्जन बी. जे. हनिकट आलेला आहे, कारण हॉकआयचा जोडीदार ट्रॅपर तेव्हाच घरी गेला. त्याआधी तिसऱ्या सीझनच्या शेवटी, मार्च १९७५ मध्ये, हेन्री ब्लेक घरी निघतो आणि त्याचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं जातं. ती बातमी रेडार ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन वाचतो. नटांना ते पान शूटिंगच्या अगदी आधी मिळालं होतं. प्रसंग दुसऱ्यांदा घेतला तेव्हा कुणाच्या तरी हातून एक हत्यार खाली पडलं, त्याचा खणखणाट तसाच ठेवलाय. मी सेटवर असतो तर “आवाज आला, परत घ्या” म्हणालो असतो. चुकलं असतं माझं.

तिसऱ्या सीझनमध्येच युद्धाचा सरसेनापती जनरल मॅकार्थर छावणीतून न थांबता जातो. राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने त्याला ११ एप्रिल १९५१ ला काढलं. म्हणजे ब्लेकच्या राजवटीचा तो भाग त्याआधीचा. ठीक. ब्लेक जुलै १९५० ते सप्टेंबर १९५२, पॉटर तिथून जुलै १९५३. मालिकेची पहिली तीन वर्षं ऐसपैस, उरलेली आठ वर्षं ३११ दिवसांत. घट्ट होतंय, पण बसतंय. भाचीला मेसेज टाकला: “जमतंय.”

५ जुलै

जमत नाहीये.

नाताळ मोजायला घेतले. दिवाळीचा एपिसोड शोधला की साल सापडतं, हे आमच्या धंद्यातलं जुनं ज्ञान. कोरियन युद्धात नाताळ तीन: १९५०, १९५१, १९५२.

मालिकेत मी चार शोधले.

पहिला, ‘डिअर डॅड’, डिसेंबर १९७२. हॉकआय मुलांच्या पार्टीसाठी सांताक्लॉज झालेला असतो आणि आघाडीवर कुणी जखमी पडलाय म्हणून त्याच लाल कपड्यांत हेलिकॉप्टरमधून दोरीने खाली उतरतो. कमांडर ब्लेक.

दुसरा, ‘डिअर सिस’, डिसेंबर १९७८. फादर मल्कही आपल्या नन असलेल्या बहिणीला पत्र लिहितात, आपला इथे कुणाला काही उपयोग नाही म्हणून. चार्ल्स विंचेस्टर सणाच्या दिवशी एकटा पडलेला. फादरनी त्याच्या आईला आधीच पत्र टाकून त्याची लहानपणची घसरगाडीवरची लोकरी टोपी मागवून घेतली आहे आणि ती रेडारच्या हातून त्याला मिळते. तो खानदानी माणूस टोपी हातात घेऊन जो बघतो! कमांडर पॉटर.

तिसरा, ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’, डिसेंबर १९८०. कमांडर पॉटर. रेडार गेलेला, क्लिंगर कारकून.

चौथा, १९८१ च्या डिसेंबरअखेरचा, नाताळच्या दुसऱ्या दिवसाचा. ब्रिटिशांच्या पद्धतीने अधिकारी आणि शिपाई कामांची अदलाबदल करतात, क्लिंगर कर्नल होतो आणि पॉटर त्याचा कारकून.

म्हणजे पॉटर आणि विंचेस्टर मिळून तीन नाताळ साजरे करतात. पॉटरच्या स्वतःच्या हुकमाप्रमाणे तो १९ सप्टेंबर १९५२ ला आला आणि युद्ध पुढच्या जुलैत थांबलं. त्याच्या वाट्याला नाताळ एकच.

बरं, विंचेस्टरही पॉटरबरोबर आलेला नाही. आधी त्याच्या जागी सर्जन फ्रँक बर्न्स पॉटरच्या हाताखाली दोन सीझन होता, मार्गारेटचं लग्न ठरलं, झालं, फ्रँकला वेड लागायची पाळी आली, तो गेला, मग विंचेस्टर. हे सगळं सप्टेंबर ते नाताळ या ९७ दिवसांत.

चहा घेतला. परत मोजले. चारच.

६ जुलै

रात्री झोप नाही. सकाळी ‘अ वॉर फॉर ऑल सीझन्स’ लावला, २९ डिसेंबर १९८० चा. तो बघायला नको होता.

हा एक एपिसोड अख्खं वर्ष दाखवतो, ३१ डिसेंबर १९५० ते ३१ डिसेंबर १९५१. पॉटर, बी. जे., विंचेस्टर, क्लिंगर, सगळे हजर. क्लिंगर ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघावर पैसे लावायला चार्ल्सला भरीस घालतो. ३ ऑक्टोबर १९५१ ला समोरच्या संघातल्या बॉबी थॉमसनच्या त्या गाजलेल्या फटक्याने डॉजर्स खरोखर हरले होते, त्यामुळे तारीख ढिली म्हणायची सोय नाही. फादर मका पेरतात. हॉकआय आणि बी. जे. कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्र जुळवतात आणि त्यासाठी सॉसेजची आवरणं मागवतात. एपिसोड म्हणून सुरेख आहे. कॅलेंडर म्हणून भूकंप.

आता दोनच वाटा. पॉटरचा हुकूम खरा धरला तर हे वर्ष घडलंच नाही. हे वर्ष खरं धरलं तर हिशेब असा पडतो: ब्लेकच्या कारकिर्दीतला नाताळ फक्त १९५० चा असू शकतो. २५ डिसेंबर १९५० ला ब्लेक कमांडर, हॉकआय दोरीला लटकलेला. ३१ डिसेंबर १९५० ला पॉटर नव्या वर्षाचा पेला उंचावतोय.

सहा दिवस.

सहा दिवसांत ब्लेक घरी निघाला, मेला, ट्रॅपर गेला, बी. जे. आला, पॉटर आला, मार्गारेटची सोयरीक झाली, लग्न झालं (एका नवऱ्याशी), फ्रँक गेला, विंचेस्टर आला, आणि मालिकेचे सहा सीझन उरकले. शिवाय बी. जे.ला मिशी आली. मिशी सातव्या सीझनमध्ये येते, आणि या एपिसोडमध्ये ती ३१ डिसेंबर १९५० ला भरघोस आहे. म्हणजे गडी मिशीसकट १९५१ काढतो आणि सप्टेंबर १९५२ मध्ये गुळगुळीत चेहऱ्याने पहिल्यांदा कोरियात उतरतो.

भाचीला फोन लावला. ती इतकी हसली की शेजारच्यांनी दार वाजवलं म्हणे.

१२ जुलै

भाचीची सूचना: पॉटरची तारीख सोडून दे, रेडारने साल चुकून वाचलं असं समज.

करून पाहिलं. पॉटर सप्टेंबर १९५० ला आला असं धरलं. मग त्याचे तीन नाताळ १९५०, ५१, ५२ अगदी फिट्ट. वर्षभराचा एपिसोडही बसतो. पण ब्लेकच्या नाताळला डिसेंबर उरत नाही आणि ब्लेकचे तीन सीझन अडीच-तीन महिन्यांत. एक भोक बुजवलं की दुसरीकडून पाणी.

मग बी. जे.ची मुलगी एरिन तपासली. शेवटच्या एपिसोडमध्ये त्याची धडपड असते की तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला घरी पोचावं. तो जेमतेम पॅसिफिकमधल्या गुआम बेटापर्यंत पोचतो आणि त्याला परत पाठवतात. युद्ध संपायला आलंय, म्हणजे १९५३ चा उन्हाळा. एरिनचा जन्म १९५१ च्या उन्हाळ्यातला. म्हणजे पॉटरच्या मूळ हुकमाशी पोरीचं वय चोख जुळतं! बाप निघाला तेव्हा ती वर्षाची. अकरा वर्षांत जुळलेली ही एक गोष्ट, आणि ती जुळली की १९५१ साल परत मोडतं, कारण तेव्हा बाप मूत्रपिंडाचं यंत्र बनवत कोरियात बसलाय.

याच पोरीचा एक प्रसंग आठव्या सीझनमध्ये आहे. रेडार घरी जाताना सॅन फ्रान्सिस्कोला तिला भेटतो आणि ती गणवेश बघून त्यालाच “डॅडी” म्हणते. हे पत्रातून कळल्यावर बी. जे. दारू पिऊन भट्टी फोडतो आणि हॉकआयला ठोसा मारतो. तेव्हा मी शीट बंद करून ठेवली होती. ती पोर किती महिन्यांची, हा प्रश्न त्या वेळी विचारवेना.

१९ जुलै

किरकोळ. रेडारच्या हातात एकदा ‘अ‍ॅव्हेंजर्स’चं कॉमिक आहे. अ‍ॅव्हेंजर्स निघालं १९६३ मध्ये. थंडीच्या एपिसोडांत सगळे जाडजूड कोट घालून कुडकुडतात आणि तोंडातून वाफ नाही. बाहेरचं चित्रीकरण कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगरांत, उन्हात. कपाळावरचा घाम पुसायला कुणीतरी ठेवलेलं असणार. क्लिंगरच्या गळ्यातले ओळखीचे बिल्ले मात्र अस्सल: जेमी फार खरोखर लष्करात होता आणि ते त्याचे स्वतःचे आहेत.

२० जुलै

हे असं का झालं, त्यावर. भाचीला वाटतं निष्काळजीपणा. मला तसं वाटत नाही.

१९७२ मध्ये मालिका आठवड्याला एकदा लागायची. लागली, बघितली, संपली. उन्हाळ्यात पुन्हा लागली तर लागली. १९७२ चा नाताळ आणि १९८१ चा नाताळ शेजारी ठेवून कुणी बघेल, अशी सोयच नव्हती. ती सोय नंतर आली, आधी रोजच्या पुनःप्रसारणाने आणि मग डब्याने. माझ्यासारखा पावसात अडकलेला माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता.

दुसरं, माणसं बदलली. मालिका घडवणारा लॅरी गेल्बार्ट चौथ्या सीझननंतर गेला, जीन रेनॉल्ड्स पाचव्यानंतर, नंतर बर्ट मेटकाफने धुरा घेतली. नवा लेखक आला की तो पात्राला विचारतो, “आज तुला काय दुखतंय?” पात्राच्या फायलीत काय लिहिलंय ते नंतर.

आणि तिसरं: वेळ पाळायची ठरवली तर यांना पाळता येत होती. आठव्या सीझनमध्ये ‘लाइफ टाइम’ नावाचा एपिसोड आहे. सैनिकाची मुख्य रक्तवाहिनी फाटलीय, वीस मिनिटांत जोडली नाही तर कमरेखाली लुळा पडेल. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ आणि गोष्ट त्याच घड्याळाने चालते. मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो होतो, चूक पकडायला. दहाव्या मिनिटाला स्टॉपवॉच विसरलो.

दुसरीकडे दुरुस्ती कशी करतात तेही नोंदवतो. ‘चिअर्स’ या दुसऱ्या अमेरिकन विनोदी मालिकेत फ्रेझर क्रेन हे पात्र म्हणालं होतं की वडील वारले, शास्त्रज्ञ होते. पुढे त्याची स्वतंत्र मालिका निघाली तर वडील ठणठणीत, निवृत्त पोलीस. जुना मित्र सॅम भेटायला येतो तेव्हा हे वडिलांसमोरच उघडं पडतं आणि फ्रेझरला कबूल करावं लागतं की तेव्हा भांडण झालं होतं, रागात बोललो. चूक उचलून तिचाच प्रसंग केला. मॅशवाल्यांनी हॉकआयच्या बहिणीसाठी असलं काही केलं नाही. ती नुसती नाहीशी झाली.

२७ जुलै

आज युद्धबंदीची तारीख. मुद्दाम शेवटचा एपिसोड आजसाठी ठेवला होता, अडीच तासांचा.

ऑक्टोबर १९८२ मध्ये वणव्याने बाहेरचा सेट जळाला, तर त्यांनी आगच गोष्टीत घेतली. छावणी हलते, परत येते, तंबू जळालेले. सेट जळाला तर आमच्याकडे आधी विम्यावाल्याला फोन होतो.

आपल्याकडचा धागा असा की या युद्धात भारतीय लष्कराचं फिरतं वैद्यकीय पथक होतं, ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. नोव्हेंबर १९५० मध्ये गेलं ते युद्ध थांबेपर्यंत तिथेच. अमेरिकन सर्जन साधारण वर्ष-सव्वा वर्षाने घरी जायचे, हॉकआयसारखं कुणी एवढं राहायचं नाही. आमच्या पथकाच्या डायऱ्या कुणी ठेवल्या असतील तर त्यात नाताळ तीनच निघतील. आणि युद्धबंदीनंतर कैद्यांचा ताबा घ्यायला जी भारतीय फौज गेली तिचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. म्हणजे पॉटर घोड्यावर बसून निघून गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मुलखात मराठी शिव्या ऐकू आल्या असणार.

२ ऑगस्ट

फाइल भाचीला पाठवायची म्हणून आवरायला बसलो. शीटमध्ये आता तीन रंग आहेत. हिरवा, जुळलं. लाल, जुळत नाही. पिवळा, जुळवायचं नाही असं मी ठरवलं. पॉटरचा हुकूम लाल. वर्षभराचा एपिसोड लाल. मिशी लाल. हॉकआयच्या आईचे दोन्ही उल्लेख पिवळे.

“कोण मेलं” हा रकाना तपासताना एका ओळीवर अडलो. ‘डेथ टेक्स अ हॉलिडे’चा सैनिक. नाताळच्या दिवशी डोक्यात गोळी लागलेला येतो, वाचणार नाही हे उघड आहे. त्याच्या खिशात बायकोमुलांचा फोटो सापडतो. बी. जे. हट्टाला पेटतो की याच्या पोरांना आयुष्यभर दर नाताळला बाप मेल्याची आठवण यायला नको, रात्रीचे बारा वाजेपर्यंत याला जिवंत ठेवायचं. हॉकआय आणि मार्गारेट त्याच्याबरोबर राबतात. माणूस बाराच्या आधीच जातो. मग हॉकआय भिंतीवरच्या घड्याळापाशी जातो, बोटाने काटा बाराच्या पुढे ढकलतो आणि म्हणतो, बघा, पोचला. मार्गारेट आधी कचरते, खोटा कागद कसा लिहायचा म्हणून, आणि मग लिहिते.

मी घड्याळाच्या काट्यांसाठी लोकांवर ओरडलेला माणूस आहे. मागच्या शॉटला सव्वाचार होते, आता साडेचार कसे, म्हणून अख्खं युनिट थांबवलंय.

तो एपिसोड पुन्हा लावला, काटा ढकलायच्या जागी थांबवला, आणि रकान्यात लिहिलं: २६ डिसेंबर. सालाची जागा कोरी ठेवली. फाइल पाठवली.